पलीकडची कॉफी

दमट हवेचं कौतुक मला कुणी सांगू नये. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून माझी कातडी चांगली कमावलेली आहे. तरीही ऑगस्टात हनोईच्या हॉटेलातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा असा धुरकटला, की दारवान समजून मी कुंडीकडे बघून हसलो. दहा मिनिटांत शर्ट बनियनला, बनियन पाठीला आणि पाठ छत्रीच्या पिशवीला चिकटली.

हिला अंड्याची कॉफी प्यायची होती. १९४६ साली दुधाची टंचाई होती, म्हणून इथे कुणीतरी बलक साखर घालून फेसला आणि कॉफीवर ओतला. टंचाई गेली, कॉफी राहिली. दुकान समोरच होतं. मध्ये फक्त रस्ता.

जुन्या हनोईत फुटपाथ स्कूटरींचा असतो. उरलेल्या जागेत वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर माणसं फो नावाचं शेवयांचं सूप ओरपत बसतात. रस्ताही स्कूटरींचाच. एकीवर नवरा-बायको आणि मधे दोन पोरं, दुसरीवर अख्खं कुंडीतलं झाड. हॉटेलातल्या मुलीने नियम सांगितला होता: हळू चाला, थांबू नका, पळू नका, मागे फिरू नका; तुमचा वेग बघून तेच वळतात. माझी पद्धत आपल्याकडची. दोन पावलं धावायचं, हात दाखवायचा, घाबरून परत यायचं. हे मी चार वेळा केलं. स्टुलावरच्या एका आजोबांनी सूप थांबवून बघायला सुरुवात केली.

"जरा पुढून फट मिळेल," असं म्हणून मी हिला पुढे नेलं. इथे 'हांग' म्हणजे माल, आणि जो माल त्याच नावाची गल्ली. हांग डोंगमध्ये तांबं-पितळ; आपली तांबट आळीच. मात्र हांग झाऊ नावाच्या तेलाच्या गल्लीत आता चपला मिळतात, तेव्हा नावावर फार विसंबू नये. हांग मा मध्ये सगळं कागदाचं: नोटा, घड्याळं, मोबाईल, बंगले. हे जाळलं की पितरांना पोचतं. आमच्या आजोबांना मोबाईल पोचला असता, तर वडे मऊ पडल्याचा पहिला फोन तिकडूनच आला असता. पुढच्या दुकानात कागदाची स्कूटर टांगलेली दिसली आणि माझा धीरच सुटला. म्हणजे मेल्यावरही रस्ता ओलांडता यायचा नाही!

फट काही मिळाली नाही. परत आलो, तर आजोबांचं सूप संपलं होतं; ते आमचीच वाट बघत असावेत. तेवढ्यात खांद्यावर कावड घेतलेली एक बाई, दोन्हीकडे केळ्यांच्या टोपल्या, मान न वळवता रस्त्यात शिरली. ही तिच्यामागे, मी हिच्यामागे, डोळे मिटून. स्कूटरी पाण्यासारख्या बाजूने वाहून गेल्या. पलीकडे पोचल्यावर कृतज्ञतेपोटी मी फणीभर केळी घेतली आणि वीस हजार डोंगांची निळी नोट दिली. बाईने ती निरखली, हसली, परत माझ्या हातात ठेवली आणि माझ्या पाकिटातली दुसरी निळी नोट स्वतः उपसली. मी दिलेली पाच लाखांची होती.

कॉफी मात्र अफलातून. वर पिवळा दाट फेस, खाली कडू काळा घोट. गरम श्रीखंड खाल्ल्यासारखं. अंड्याचा वास नाही, असं ही तीनदा म्हणाली. मी दुसरी मागवणार, एवढ्यात बाहेर धो धो पाऊस सुरू झाला.

"अहो," ही माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली, "छत्रीची पिशवी कुठंय?"

मी काचेतून पाहिलं. पलीकडे, स्टुलावरचे आजोबा आमची छत्री उघडून बसले होते.