दुधाच्या दातांनाही लस हवी

दात किडू नयेत म्हणून लस यावी, असं मला मनापासून वाटतं. 'दाताला कसली लस, ब्रश करा की' म्हणणाऱ्यांनी गळीत हंगामात आमच्या वाळवा तालुक्यात यावं आणि ऊसतोड कामगारांच्या पोरांची तोंडं बघावीत. माझ्या वर्गात ही मुलं बसतात. गेल्या हंगामात एक पोरगी भाकरी डाव्याच बाजूनं चावायची. उजवी दाढ हिरडीपर्यंत पोखरलेली, पुढच्या दातांचे नुसते काळे खुंट. गाल सुजला की लवंग धरायची. आई म्हणाली, "दुधाचंच दात हायती बाई, पडत्याल की." पहाटे फडात जाणाऱ्या बाईनं मजुरी बुडवून पोरीच्या दातासाठी सांगली कधी गाठायची?

स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू १९२४ मध्येच सापडलाय. साखरेचं तो आम्ल करतो आणि दाताचं कवच विरघळत जातं. बाळाला तो बहुतेकदा आईच्याच लाळेतून मिळतो, एकाच चमच्यानं भरवताना. लस देऊन, त्याला दाताला चिकटू न देणारी प्रतिपिंडं (जंतूला अडवणारी शरीरातलीच प्रथिनं) लाळेत आणली तर? १९७०च्या दशकात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये माकडांना अशी लस दिली, त्यांचे दात कमी किडले.

मग अडलं कुठं? सशांवरच्या काही प्रयोगांत अशी प्रतिपिंडं हृदयाच्या स्नायूलाही चिकटताना दिसली. धडधाकट बाळाला एवढासाही धोका नको, हे मला पूर्ण पटतं. म्हणून पुढं संशोधकांनी अख्ख्या जंतूऐवजी त्याची नेमकी प्रथिनं निवडली. शिवाय कीड काही या एकाच जंतूमुळं होत नाही. पण मला वाटतं, खरी निकड वेगळ्याच कारणानं गेली. श्रीमंत देशांत फ्लोराइडच्या पेस्टनं कीड कमी झाली आणि दुखणं उरलं गरिबांच्या पोरांना. जगात ५० कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढ्या मुलांसाठी लसीवर पैसा लावायलाच हवा.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडीवर नुसतं लावायचं असतं. ड्रिल नाही, सुई नाही. डाग काळा पडतो, पण बऱ्याचदा कीड तिथंच थांबते. २०२१ मध्ये संघटनेनं ते आणि फ्लोराइडची पेस्ट, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. अंगणवाडीत जंताची गोळी पोचते, मग हे का नाही? हंगाम सुरू व्हायच्या आत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन देतेय. वाळवा, शिराळा, कडेगावच्या शिक्षकांनो, सह्या हव्यात. मेसेज करा.