आत्याशी बोलायला शिका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की गणपतीला सगळे सांगलीला जमतोच आहोत, तर तोवर ऐकू न येणाऱ्या आत्यासाठी प्रत्येकाने थोडी साइन लँग्वेज, म्हणजे सांकेतिक भाषा, शिकू या, व्हिडिओ मी पाठवते. त्यावर एका वडीलधाऱ्यांचं उत्तर आलं, "अगं, आत्याला सगळं कळतं. ओठांवरून ओळखते ती. आता या वयात आम्ही कुठे हातवारे शिकत बसू?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मुलांना जर्मनचे क्लास लावणाऱ्या माणसांचे अंगठे.

काय कळतं हो तिला? आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ख, ग तर घशाजवळ होतात, बाहेर दिसतच नाहीत. त्यात कोणी घास चावत बोलतं, कोणाच्या मिशा ओठांवर आलेल्या असतात, कोणी फ्रीजमध्ये डोकं घालून बोलतं. समोर एकच माणूस असेल तर ती निम्मं अंदाजाने जुळवते. पंगत बसली की तेही सोडून देते आणि सगळे हसले की हसते. ती हसली म्हणजे तिला कळलं, असं आपण धरून चालतो.

आजी गेली तेव्हाची गोष्ट सांगते. घरच्यांना माहीत आहे, तरी सांगते. आजीचं शेवटच्या वर्षांतलं सगळं आत्याने केलं. इन्सुलिन, अंघोळ, रात्री उठून कूस बदलणं, सगळं. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी घरच्यांना खोलीबाहेर बोलावून सांगितलं की आता उपाय उरलेला नाही, घरी न्या. सगळ्या भावंडांनी ऐकलं. आत्या तिथेच उभी होती. तिने बाबांच्या दंडाला हात लावून विचारलं, काय म्हणाले? बाबांनी हातानेच सांगितलं, थांब, नंतर.

ते नंतर काही आलं नाही. दवाखान्यातून घरी सोडलं म्हणजे आई बरी झाली, असं आत्या समजून चालली. दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून पोचले तर ही पलंगाशेजारी औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. कात्रीने पट्टीतली एकेक गोळी कापून सकाळ, दुपार, रात्र अशा कप्प्यांत भरत होती. आठवडाभराच्या गोळ्या. त्या बंद झाल्यात, हे घरात तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला सांगितलं. आजी, शरीर, थकलं, थोडे दिवस. हातांनी सांगताना नजर चुकवता येत नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावंच लागतं. तिने पहिला प्रश्न आजीबद्दल विचारला नाही. तिने विचारलं, "सगळ्यांना माहीत होतं?"

आता म्हणा परत, तिला सगळं कळतं.

बाबा दुष्ट नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता, तिच्या नावाने पोस्टात पैसे ठेवले, शिलाईचं मशीन घेऊन दिलं. पण त्या व्हरांड्यात त्यांच्या हातात होत्या फक्त घरगुती खुणा. जेव, झोप, ये, पैसे, पाहुणे आले. एवढ्यावर माणसाला काम सांगता येतं. 'आईच्या हातात थोडेच दिवस आहेत, आपण तिला त्रास न देता घरी ठेवू या, तुला काय वाटतं?' हे त्यात कसं सांगणार? त्याला भाषा लागते, आणि ती आपल्याकडे आहे. तिला व्याकरण आहे, प्रश्न भुवयांवरून कळतो, चेहरा बदलला की अर्थ बदलतो. अमेरिकेतली सांकेतिक भाषा वेगळी, आपली भारतीय वेगळी. हातवारे म्हणू नका तिला.

आणि घरातले जे म्हणतात ना, आत्या स्वभावानेच शांत, त्यांनी एकदा रात्री नऊनंतर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो आणि शाळेतल्या मैत्रिणींशी व्हिडिओ कॉल चालू असतो. काय नकला करते! शेजारच्या काकू भाजीवाल्याशी घासाघीस कशी करतात ते नुसत्या मानेने आणि खांद्यांनी दाखवते. मैत्रिणी तिकडे लोळतात हसून. प्रत्येक माणसाला तिने खुणेचं नाव दिलंय. मला माझ्या गालावरच्या तिळावरून. तुम्हा सगळ्यांचीही नावं आहेत तिच्याकडे. विचारलंय कधी?

बरं, हात वापरू नका हे तिला शाळेतच शिकवलं होतं. वर्गात खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. बोलायलाच शिकलं पाहिजे, हा हट्ट. १८८० साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली, त्यात बहुतेक सगळे ऐकू येणारेच, आणि त्यांनी ठरवून टाकलं की बधिर मुलांना तोंडानेच बोलायला शिकवायचं. त्याचे वळ सांगलीच्या एका मुलीच्या हातावर उठले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे मुली एकमेकींकडून भाषा शिकल्या, म्हणून ती वाचली.

हो, काही मुलांना ऑपरेशन करून कानात बसवतात त्या मशीनचा, कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण मशीन लावलेल्या पोराशीही हातांनी बोललात तर त्याचं काय बिघडणार आहे? आणि 'लिहून दाखवतो की' म्हणणाऱ्यांना सांगते, लिहिलेली मराठी तिच्यासाठी कधीच न ऐकलेली भाषा आहे. तुमचा मोठा मेसेज ती मला पाठवून अर्थ विचारते.

वयाचं म्हणाल तर बोटं आखडतात, मान्य. ताशी दोन खुणा शिका. साहित्य नाही अशी सबब आता चालणार नाही. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे. त्यांच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले, आणि प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहे. रील बघायला वेळ असतोच ना आपल्याला?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मला कोणाला लाजवायचं नाही. पण त्या डब्यातल्या गोळ्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. आत्याची साठी उलटली. उद्या ती आजारी पडली तर कुठे दुखतंय, ऑपरेशन करायचं की नाही, हे तिला कोण विचारणार? मी पुण्यात. तिच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्यांना विचारता यायला हवं. आणि तिने दिलेलं उत्तर त्यांना कळायला हवं.

तर शनिवारी संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर व्हिडिओ कॉल. शिकवणार आत्या, मी फक्त मदतीला. तिला विचारलं, तर आधी म्हणाली कोणी येणार नाही, मग कोणती साडी नेसू ते विचारलं. पाणी आणि जेवण सगळ्यांना येतंच, ते नको. सुरुवात 'का', 'मग पुढे काय झालं' आणि 'तुला काय वाटतं' यांनी करणार आहोत. फोन हातात धरू नका, दोन्ही हात मोकळे लागतील. कशाला तरी टेकवून ठेवा आणि मागे सरकून बसा, कमरेपासून वरचं सगळं दिसलं पाहिजे. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो.