तबकावरचं १९२४ आणि तबकाचं वय

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि मग कपाटातून ते पितळी तबक पुन्हा बाहेर काढून समोर ठेवलं. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चोरबाजारात मला एक वीतभर व्यासाचं तबक मिळालं. त्यावर गेटवे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल कोरलेलं आहे, खाली १९२४ असा आकडा आहे. सोबत पुठ्ठ्याचं खोकं होतं. मी लिहिलं की हे तबक १९५७ ते १९६४ या काळातलं आहे. तुमचं म्हणणं असं: आकडा स्पष्ट १९२४चा आहे, काम हाताचं आहे, पितळ कळकलेलं आहे, चित्रात शिवाजी महाराजांचा पुतळा नाही आणि ताजचा टॉवरही नाही, शिवाय चोरबाजारातले विक्रेते कोणतीही वस्तू कोणत्याही खोक्यात घालतात, मग खोक्यावरून तबकाचं वय कसं काढता? तुमच्या आजीकडे असंच तबक आहे आणि ते आजोबांनी गेटवेच्या उद्घाटनाच्या वेळी घेतलं असं घरात सांगतात, हेही तुम्ही लिहिलंत.

खोक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मी जेवढ्या ठामपणे लिहिलं तेवढं ठाम लिहायला नको होतं, आणि मूळ लेखात तशी दुरुस्ती आज करतो आहे. पण १९२४बद्दल मात्र मला तुमच्याशी वाद घालायचाच आहे, कारण ही चूक फार जण करतात आणि त्यापायी पैसेही घालवतात.

आकडा वास्तूचा असतो, वस्तूचा नसतो. गेटवेचंच उदाहरण घ्या. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ला. जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला, समुद्रात भर घालायलाच पुढची काही वर्षं गेली, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आता कमानीवर काय कोरलं आहे ते आठवा: राजाराणीच्या आगमनाची तारीख, रोमन आकड्यांत १९११. म्हणजे कोरलेल्या आकड्यावरून वय ठरवायचं म्हटलं तर खुद्द गेटवेच्या वयात तेरा वर्षांची चूक होईल. मग त्याचं चित्र असलेल्या तबकाचं काय? १९२४ हा आकडा एवढंच सांगतो की तबक त्याआधीचं नाही. आजही कोणी कारागीर तोच आकडा कोरून नवं तबक विकू शकतो, आणि त्यात फसवणूकसुद्धा नाही.

हाताच्या कामाचंही तेच. अशी कोरीव पितळी भांडी मुरादाबादला पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत आणि आजही बनतात. छिन्नीच्या खुणा पाहून काम हाताचं आहे हे कळतं, दशक कळत नाही. कळकाचा तर अजिबात भरवसा धरू नका. कुलाब्यासारख्या खाऱ्या हवेत पितळ दोन पावसाळ्यांत हिरवट होतं. सोलापुरात कपड्यात गुंडाळून ठेवलेलं पन्नास वर्षांनीही लख्ख निघेल.

पुतळ्याचा मुद्दा मला मनापासून आवडला, कारण तो बघणाऱ्याचा मुद्दा आहे. महाराजांचा अश्वारूढ पुतळा तिथे २६ जानेवारी १९६१ला उभा राहिला, त्यामुळे चित्रात तो नाही म्हणजे तबक त्याआधीचं, असा तुमचा तर्क. पण तबकावरचं दृश्य नीट पाहा. पुढे लाटा आहेत, होडी आहे, आणि त्यांच्यामागे कमान आणि ताज. म्हणजे पाहणारा समुद्रात आहे. पुतळा कमानीच्या मागे, जमिनीच्या बाजूला आहे. समुद्राकडून कोरताना १९७० सालीही कारागिराला तो दाखवण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे पुतळा नसण्यावरून काहीच ठरत नाही.

टॉवरची गोष्ट वेगळी. तो याच कोनातून, जुन्या ताजच्या उजव्या अंगाला, स्पष्ट दिसतो, आणि तो उभा राहिला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. तो चित्रात नाही हा पुरावा खरोखर उपयोगाचा आहे. पण थोडा सैल, कारण कारागिरासमोर समुद्र नसतो, जुना नमुना असतो, आणि एक नमुना वर्षानुवर्षं चालतो.

म्हणून मी खोक्याकडे वळलो होतो. खोक्याच्या आत दुकानाचं लेबल आहे, पत्त्यात इंग्रजीत 'बॉम्बे १' एवढंच, पिन कोड नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला आला (तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं). तेव्हापासून 'मुंबई १'चं ४००००१ झालं. अर्थात जुनी लेबलं संपेपर्यंत दुकानदार तीच चिकटवत राहणार, म्हणून यावर एकट्यावर मी विसंबलो नाही.

खरा धागा किमतीच्या चिठ्ठीत आहे: 'रु. ४.७५ न.पै.' न.पै. म्हणजे नवे पैसे, रुपयाचे शंभर; ते आले १ एप्रिल १९५७ला. त्याआधी हीच किंमत ४-१२-० अशी लिहिली असती: चार रुपये, बारा आणे, शून्य पै. आणि १ जून १९६४पासून 'नवा' शब्द गळाला, नुसते पैसे राहिले. सात वर्षांची खिडकी, सवयीने 'न.पै.' लिहिणारा दुकानदार धरला तर आणखी वर्ष-दोन वर्षं. वस्तूवर तारीख नसताना इतकी अरुंद खिडकी क्वचितच मिळते. माझ्या उत्साहाचं कारण तेच होतं.

आता तुमची शंका: खोकं तबकाचंच कशावरून? पुठ्ठ्याच्या तळाशी तबकाच्या बुडाच्या कडीचा खोलगट वळ उमटला आहे आणि त्या वळावर हिरवा डाग आहे. तबक ठेवलं की कडी त्या वळात नेमकी बसते. म्हणजे ही दोन्ही बराच काळ एकत्र होती. एकाच दिवशी विकली गेली असं मात्र यावरून म्हणता येत नाही. तेव्हा माझं सुधारलेलं विधान असं: खोकं १९५७ ते साधारण १९६५मधलं, तबक १९२४नंतरचं, बहुधा १९७०च्या दशकाआधीचं, आणि खोक्याच्याच काळातलं असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या आजीच्या तबकाबद्दल मी वेगळं बोलतो. ते मी पाहिलेलं नाही, आणि आजोबा १९२४च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर गेले नसतील असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. घरातली आठवण हाही पुरावाच असतो. फक्त आजोबांनी घेतलेली वस्तू आणि आज फळीवर असलेली वस्तू एकच आहे का, हे तपासायला हवं. आजीला विचारा: लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तबक होतं का, कुठे ठेवलेलं असे, त्यात काय ठेवत. असे प्रश्न विचारले की साल आठवत नसलेल्या माणसांनाही बरंच आठवतं.

आणि एक विनंती. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. तबकाला चिंच किंवा पितांबरी लावण्याआधी मागच्या बाजूचा, कडीच्या आतला फोटो काढून पाठवा. तिथेच शिक्का, चिठ्ठीचा डिंक किंवा पेन्सिलीने लिहिलेली किंमत उरलेली असते आणि घासताना पहिल्यांदा तीच जाते. एखादा आकडा ४-१२-० अशा पद्धतीने लिहिलेला सापडला, तर तुमचं तबक माझ्या खोक्यापेक्षा जुनं असेल, आणि तसं मी याच जागी लिहीन.