उचलून नेणारी गाडी आणि ओळखीचा माणूस

'मानवी तस्करीपासून सावध! टोळ्या गाडीतून येतात, तोंडावर रुमाल दाबून मुली आणि लहान मुलं उचलतात, कुठेतरी डांबून ठेवतात. अनोळखी माणसापासून लांब राहा.' हा मेसेज या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला. पाठवणाऱ्यांना काळजी आहे, म्हणूनच ते पाठवतात. पण त्यामुळे आपण भलतीकडेच पाहत राहतो.

'उचलून नेतात.' अपहरण होतच नाही असं नाही. पण तस्करीत सापडलेली बहुतेक माणसं स्वतःच्या पायांनी गेलेली असतात. बॅग भरून, घरच्यांचा निरोप घेऊन. कुणाला नोकरी कबूल केलेली असते, कुणाला लग्न, कुणाला शिक्षण.

'अनोळखी माणसापासून लांब राहा.' मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. कारण नेणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो: लांबचा मामा, प्रियकर, आधी तिकडे जाऊन आलेली मैत्रीण. मुलांच्या बाबतीत तर कितीदा घरातलंच कुणीतरी. त्याच्याबद्दल हा मेसेज एक अक्षर बोलत नाही.

'डांबून ठेवतात.' काही जणांना ठेवतात. पण कुलूप नसतानाही माणूस अडकतो. पोहोचल्या दिवशी मुकादम म्हणतो, 'पासपोर्ट हरवेल, माझ्याकडे ठेव.' मग वही उघडते. तिकीट, खोली, जेवण, दलालाची फी, सगळं कामगाराच्या नावावर. पगार त्यात वळता होतो आणि महिनाअखेर बाकी वाढलेलीच असते. असा माणूस रोज रस्त्यावरून कामाला जाताना आपल्याला दिसतो. पण कागद नाहीत, डोक्यावर कर्ज, आणि पळालास तर घरच्यांना बघून घेऊ ही धमकी.

'मुली आणि लहान मुलं.' आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती. त्यातली ६३ लाख व्यावसायिक लैंगिक शोषणात. त्याच्या दुपटीहून जास्त माणसं शेतं, कारखाने, बांधकामं, बोटी आणि घरकामात. सक्तीचे सगळेच श्रम तस्करी नव्हेत, पण तस्करी कुठवर पोहोचते ते यावरून कळतं. आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर तर कॉम्प्युटर येणारे, शिकलेले तरुण नोकरीच्या आमिषाने नेऊन राबवले गेले.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'स्वतःहून गेले ना, मग तक्रार कसली?' संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारात, याचं उत्तर आहे. फसवून किंवा धाक दाखवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर फसवणूक वा धाक सिद्धही करावा लागत नाही.

'खोटा असला तरी पुढे पाठवून काय बिघडतं?' असंही एकाने विचारलं. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत अफवा उठली की एक ऑनलाइन दुकान महागड्या कपाटांच्या नावाखाली मुलं विकतंय. पुरावा काहीच नव्हता. तरी लोकांनी तस्करीविरोधी हेल्पलाइनवर इतके फोन केले, की ज्यांना खरोखर मदत हवी होती त्यांच्यापर्यंत पोहोचणं तिथल्या कर्मचाऱ्यांना अवघड झालं.