‘एक स्क्रू फिरवायचे नऊशे रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गिटारचा आवाज घुमवणारं तुमचं फेझर पेडल वेळेत मिळालं नाही आणि पर्वरीचा कार्यक्रम तुम्हाला फेझरशिवाय करावा लागला, याबद्दल दिलगीर आहे. चवथीचे दिवस आणि मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचे पार्ट्स, त्यामुळे दिवस गेले. हे फोनवर बोललो होतो, पुन्हा उगाळत नाही. एक स्टार दिलात, तोही तुमचा हक्क.

पण ‘माझ्यासमोर एक स्क्रू फिरवला आणि नऊशे रुपये घेतले’ हे वाक्य इथं तसंच राहिलं, तर उद्या म्हापशातला एखादा पोरगा माझ्याकडे पेडल घेऊन येताना दहादा विचार करेल. माझं घर याच कामावर चालतं. म्हणून तेवढ्यापुरतं जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा मी स्क्रूच फिरवत होतो, खरं आहे. ते शेवटचं काम होतं. तुमचं पेडल, म्हणजे फेझ ९०, बाहेरून बघितलं तर नारिंगी डबी आणि स्पीडचं एकच बटण, १९७४ साली निघालं तेव्हापासून तसंच. त्यामुळे आतही फारसं काही नसेल असं वाटतं. आत गिटारचा सिग्नल दोन वाटांनी जातो. एक सरळ, दुसरा चार टप्प्यांतून फेझ, म्हणजे आवाजाच्या लहरीची वेळ, सरकवत. पुढे दोन्ही मिसळले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात आणि आवाजात दोन खड्डे पडतात. ते खड्डे खालीवर फिरत राहतात, म्हणून तो घुमारा ऐकू येतो. चार टप्प्यांना चार एफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), आणि चौघांना हलवणारं व्होल्टेज एकच. त्यामुळे चौघे एका मापाचे लागतात. भजनात एक टाळ मागे पडला की सगळी लय बिघडते, तसंच आहे हे.

तुमच्या पेडलमधला एक एफईटी आणि एक आयसी, म्हणजे चिप, गेला होता. आयसी बदलणं सोपं. एफईटीचं तसं नाही. एकाच नंबरचे, एकाच पाकिटातले घेतले तरी दोन सारखे निघतील याची खात्री नसते, आणि हल्ली बाजारात नकली मालही खूप आहे. उरलेल्या तिघांशी जुळणारा सापडेपर्यंत एकेक मीटरला लावून बघायचा, न जुळलेले बाजूला टाकायचे. त्या बाजूला टाकलेल्यांचे पैसेही मीच भरतो. जॅकच्या पट्ट्यांवर पावसाळ्याचा हिरवा गंज चढला होता, तो साफ केला. बिलात तो लावलेला नाही. बिल तुम्ही काउंटरवरच ठेवून गेलात, नाहीतर दिसलं असतं.

आता तो स्क्रू. त्याला ट्रिमपॉट म्हणतात, त्या चार एफईटींचं बायस, म्हणजे त्यांना मिळणारं मूळ व्होल्टेज, त्याच्यावर ठरतं. थोडा इकडे गेला तर घुमारा एका टोकाला जाऊन अडकतो, थोडा तिकडे गेला तर पार बंद. कुठे थांबायचं याचा ठरलेला आकडा नाही, कारण प्रत्येक पेडलमधले एफईटी वेगळे. स्पीड अगदी हळू ठेवायचा, एक कॉर्ड छेडायची, स्क्रू केसभर सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा छेडायची. तुम्ही दारात उभे राहून ‘झालं का?’ विचारत होतात तेव्हा हेच चाललं होतं. ‘मुंबईत दोनशेत करून देतात’ असंही म्हणालात. करत असतील.

आणि हे सगळं बिघडलं कशानं, तेही लिहितोच. पेडलबरोबर तुम्ही जो अडॅप्टर आणला होता तो घरच्या कीबोर्डचा. त्याच्यावर पिनच्या मधे प्लस असल्याचं छापलेलं आहे. या पेडलला नऊ व्होल्ट लागतात आणि मधे मायनस. पिन बसली म्हणजे चालतं असं नसतं. तुमच्या मित्रांदेखत मी हे बोललो नाही, तुम्हाला बरं वाटलं नसतं म्हणून. आता इथं लिहावं लागतंय.

मी फोनवर उद्धटपणे बोललो असंही तुम्ही म्हणता, तर चवथीच्या दुसऱ्या दिवशी घरात आरती चालू असताना फोन आला, मी ‘आरती झाली की करतो’ म्हणून ठेवला. नंतर केलाही होता, तुम्ही उचलला नाही.

यापुढे पेडल घेताना अंदाजे खर्च चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि सणांच्या आधी येणाऱ्या कामांचं काहीतरी वेगळं बघायचं, असं ठरवतो आहे.

स्टार बदला असं म्हणत नाही. स्क्रूचं ते वाक्य मात्र बघा एकदा. पेडलमध्ये पुन्हा काही वाटलं तर घेऊन या, बायसचे पैसे घेणार नाही. तुमचा अडॅप्टर अजून माझ्याकडेच आहे. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, दुसऱ्या कुठल्याही दिवशी चारनंतर या. नऊ व्होल्टचा बरोबर अडॅप्टर दुकानात आहे, हवा असेल तर खरेदीच्या भावात देतो.