दुतोंड्याची कंबर आणि क्लेरचे पाय

नानांनी शनिवारी रात्री साडेअकराला ती चित्रफीत आमच्या गटावर टाकली, तेव्हाच रविवारची सकाळ कशी जाणार हे सर्वांना कळून चुकले होते. सामना कोणता, हे आमच्या गटात सांगण्याची गरज नाही; बाहेरच्यांसाठी सांगतो, रग्बी विश्वचषकातील वेल्स विरुद्ध फ्रान्स ही उपांत्य लढत. नानांच्या सहवासात आठवडाभर राहिलेल्या कोणालाही १५ ऑक्टोबर २०११ ही तारीख, ऑकलंडचे ईडन पार्क मैदान आणि १८वे मिनिट हे सारे स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा अधिक पक्के पाठ असते. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होईपर्यंत या गृहस्थांनी रग्बीचा चेंडू हातात धरला नव्हता. जावई कार्डिफला नोकरीला लागला, नाना तीन महिने त्याच्याकडे राहून आले आणि येताना वेल्सवर आजवर झालेले सगळे अन्याय सामानात भरून घेऊन आले.

गोल्फ क्लबच्या मैदानालगतच्या आमच्या कट्ट्यावर मी पोहोचलो, तेव्हा पावसाची बारीक भुरभुर चालू होती, चहाचा पहिला हप्ता संपला होता आणि नाना उभे राहून बोलत होते. नाना उभे राहिले की विषय वेल्सचा असतो, हे चहावाल्यालाही ठाऊक आहे.

"आपल्या सॅम वॉरबर्टनने फ्रान्सच्या त्या क्लेरला उचलले, हे मला मान्य आहे," नाना म्हणाले. "पण उचलून लगेच सोडून दिले, आपटले कुठे? तो क्लेर उठून उभा राहिला की नाही? २३ वर्षांचा कर्णधार, विश्वचषकाची उपांत्य फेरी, आणि हा रेफरी रोलँड खिशातून थेट लाल कार्ड काढतो! त्याचे वडील फ्रेंच होते, हे तुम्हा लोकांना माहीत आहे का?"

"तो स्वतः आयर्लंडकडून खेळलेला होता," मास्तर शांतपणे म्हणाले, "आणि आदल्याच आठवड्यात वेल्सने आयर्लंडला घरी पाठवले होते. तेव्हा त्याने राग वडिलांच्या बाजूचा काढला की स्वतःच्या, हे आधी ठरवा आणि मग आरोपपत्र दाखल करा."

मास्तर म्हणजे आमच्या कट्ट्यावरचे एकमेव अधिकृत पंच. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवता शिकवता त्यांनी जिल्ह्यातील कबड्डीच्या असंख्य सामन्यांत शिट्टी वाजवली आहे आणि त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला नाही असा एकही संघ या जिल्ह्यात नाही. माझ्या मते पंच निःपक्षपाती असल्याचा याहून भक्कम पुरावा असू शकत नाही.

या ठिकाणी वकीलसाहेबांनी नानांची बाजू उचलून धरली. त्यांचा मुद्दा नानांच्या आक्रोशापेक्षा बराच विचारपूर्वक होता, हे मान्य करायला हवे. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षा ही कृत्यामागच्या हेतूकडे पाहून द्यायची असते. वॉरबर्टनचा धक्का नियमातच होता, त्याचा खांदा योग्य जागी लागला होता, समोरचा खेळाडू अंगाने हलका असल्यामुळे तो अपेक्षेपेक्षा अधिक उचलला गेला, आणि तो आडवा होतो आहे हे लक्षात येताच वॉरबर्टनने हात सोडले. ज्याच्या मनात इजा करण्याचा विचार होता त्याने हात सोडले नसते, खाली दाबले असते.

"वकीलसाहेब, तुमच्याच कायद्यात हयगय नावाचा शब्द आहे ना?" मास्तरांनी विचारले.

"आहे. पूर्वी दंड संहितेत ३०४ अ होते, आता न्याय संहितेत १०६ आहे."

"मग मोटार चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचे हात सोडून दिले, म्हणून त्याला तुम्ही निर्दोष सोडवून आणता का?"

वकीलसाहेबांनी चहाचा घोट जरा लांबवला. मास्तरांनी तेवढ्यात २००९ सालचे ते परिपत्रक काढले, म्हणजे कागद नव्हे, पाठ केलेला मजकूर. रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने त्या वर्षी रेफरींना लिहून कळवले होते की, प्रतिस्पर्ध्याला उचलून जमिनीत खुपसणे हा लाल कार्डाचा गुन्हा आहेच, परंतु त्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करता उंचावरून त्याला सोडून देणे हाही लाल कार्डाचाच गुन्हा आहे. उरलेल्या प्रकारांना पेनल्टी किंवा पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे बाहेर बसणे, पुरेसे आहे. अशा टॅकलचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडण्याचा, विचार लाल कार्डापासून सुरू करावा आणि सौम्य ठरवणारी कारणे सापडली तरच तिथून खाली उतरावे, अशीही रेफरींना शिकवण होती. खेळाडूच्या मनात काय होते याचा अंदाज रेफरीने बांधू नये, हे तर त्यात स्पष्टच म्हटले होते.

"म्हणजे नाना ज्याला बचाव म्हणतात, तो त्या परिपत्रकातला दुसरा गुन्हा आहे," मास्तर म्हणाले. "सोडून दिले, सोडून दिले असे तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगता. द्राक्षाची पेटी ज्याने उचलली, त्यानेच ती जागेवर ठेवायची असते. हमालाने डोक्याच्या उंचीवरून पेटी सोडून दिली आणि 'आपटली नाही, फक्त सोडली' असे सांगितले, तर पिंपळगावचा बागाईतदार त्याला हारतुरे घालेल का?"

"माणूस म्हणजे द्राक्षाची पेटी नव्हे," नाना गरजले.

"नाही ना. पेटी फुटली तर दुसरी भरता येते."

आतापर्यंत गप्प असलेल्या सुभेदारांनी यावेळी चहाचा रिकामा ग्लास हातात घेतला. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस फौजेत खरोखर रग्बी खेळलेला आहे आणि म्हणूनच की काय, या विषयावर सर्वांत कमी बोलतो. त्यांनी ग्लास आडवा धरला आणि म्हणाले की, धोका माणूस किती उंच उचलला गेला यात नसतो, तो किती फिरला यात असतो. कमरेखाली पकडून उचललेला माणूस आडवा होईपर्यंत हातांनी स्वतःला सावरू शकतो. पाय एकदा कमरेच्या वर गेले की मग ग्लासाचे तोंड खाली होते, आणि पुढे पहिल्यांदा जमिनीला काय लागणार, डोके, मान की खांदा, हे उचलणाऱ्याच्या हातात राहत नाही आणि पडणाऱ्याच्या तर नाहीच. दोघांनी मिळून पकडले की हे अधिकच सहज घडते, कारण एक जण पाय वर ओढतो, दुसरा छाती मागे ढकलतो आणि मधला माणूस आसावर फिरल्यासारखा उलटा होतो. सध्याच्या नियमात म्हणून दोनच गोष्टी पाहिल्या आहेत: उचलले का, आणि डोके किंवा धडाचा वरचा भाग जमिनीवर येईल असे टाकले अथवा दाबले का.

"पण ही कमरेची रेषा त्या क्षणी मोजायची कोणी?" वकीलसाहेबांनी पुन्हा उचल खाल्ली. "रेफरी धावत असतो, मध्ये चार माणसे असतात, आणि संथ गतीच्या चित्रणात तर साधा टॅकलसुद्धा खुनासारखा दिसतो."

यावर मास्तर जे बोलले, ते मी घरी आल्यावर लगेच लिहून ठेवले.

"गोदावरीला पूर आला की नाशिककर काय विचारतात? पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले. पायापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत. एवढ्या उत्तरावर मेन रोडचा दुकानदार माल वर हलवायचा की नाही ते ठरवतो. पाण्याचा हेतू काय होता, हे रामकुंडावर उभे राहून आजवर कोणी विचारलेले नाही. रेफरीलाही तेवढेच पाहायचे आहे, पाय कमरेच्या वर गेले का आणि माणूस कशावर पडला. माणसाचे मन वाचण्यापेक्षा हे सोपे आहे."

नानांना उत्तर सुचेना, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे धावफलक काढला. फ्रान्स ९, वेल्स ८. साठ मिनिटांहून अधिक काळ पंधराऐवजी चौदा जणांनी झुंज दिली, माइक फिलिप्सने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, स्टीफन जोन्सची किक खांबाला लागून परतली आणि शेवटी हाफपेनीची लांबवरची पेनल्टी आडव्या दांडीपर्यंत पोहोचता पोहोचता राहिली. हे सांगताना नानांचा उजवा पाय नकळत पुढे जातो, जणू त्यांनी जोर लावला तर चेंडू अजूनही दांडीवरून जाणार आहे. एका कार्डाने सामना मारला, लाखो लोकांचा विरस झाला, निदान उपांत्य फेरी आहे एवढे तरी रेफरीने पाहायला हवे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

"उपांत्य फेरीत माणसाची मान अधिक मजबूत होते का?" मास्तरांनी विचारले.

माझ्या मते खरा प्रश्न एवढाच आहे. मोठ्या सामन्यात रेफरीने जरा सांभाळून घ्यावे, असे आपण म्हणतो तेव्हा सांभाळायचे कोणाला, हे आपण सांगत नाही. २००५ साली क्राइस्टचर्चला ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित लायन्स संघाचा कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल याला पहिल्या दोन मिनिटांच्या आत न्यूझीलंडच्या तना उमागा आणि केव्हन मेआलामू या दोघांनी उचलून खाली टाकले. चेंडू तेव्हा त्याच्यापाशी नव्हताही. त्याने डोके वाचवण्यासाठी हात पुढे केला म्हणून खांद्यावर भागले. खांदा निखळला आणि त्याचा दौरा संपला. कार्ड नाही, नंतरची सुनावणी नाही, कोणाचा सामना मारला गेला नाही. न्यूझीलंडने २१-३ असा सामना जिंकला. एका कर्णधाराचा खांदा गेला आणि कोणाला काहीच झाले नाही. ऑकलंडला पडलेला उठून उभा राहिला आणि पाडणारा बाहेर गेला. या दोन निकालांच्या मध्ये सहा वर्षे आणि ते एक परिपत्रक आहे.

"आमच्या काळी आम्ही किती वेळा डोक्यावर पडलो," नाना म्हणाले, "काही झाले का?"

यावर कोणीच काही बोलले नाही. गप्प बसण्यातला अर्थ नानांच्या ध्यानात यायला अर्धा मिनिट लागला, आणि मग ते इतके चिडले की त्यांनी वकीलसाहेबांच्या वाटची खारी बिस्किटे खाऊन टाकली.

सुभेदार मात्र हसले नाहीत. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या अॅलेक्स मॅकिननची आठवण काढली. तो खेळ तेरा जणांच्या रग्बी लीगचा, नियम वेगळे. पण मार्च २०१४ मध्ये तीन जणांनी मिळून उचललेला तो २२ वर्षांचा मुलगा मानेवर आला, मणका मोडला आणि पुढचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. त्या तिघांपैकी कोणाच्याही मनात तसे काही नव्हते. ज्याला दोषी धरले, त्याला सात सामन्यांची बंदी मिळाली. त्यानंतर थोडा वेळ फक्त स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता.

चर्चा पुन्हा रुळावर आणली ती वकीलसाहेबांनीच. आता वीस मिनिटांचे लाल कार्ड आले आहे, २०२५ च्या सिक्स नेशन्स या युरोपातल्या स्पर्धेतही ते होते, आणि त्यांच्या मते हाच मधला मार्ग आहे: चूक करणारा खेळाडू परत येत नाही, परंतु वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरतो, त्यामुळे एकाच्या हयगयीची शिक्षा चौदा जणांना भोगावी लागत नाही. शिवाय पिवळे कार्ड दाखवून निर्णय बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवता येतो, म्हणजे त्याला आठ मिनिटे शांतपणे चित्रण पाहता येते. मला स्वतःला हे पटण्यासारखे वाटले आणि मी तसे म्हणालोही.

"तुम्हाला पटणारच, कारण तुम्ही कधी संघ सांभाळलेला नाही," मास्तर माझ्यावर घसरले. "पोराला टॅकल शिकवताना 'पकडलास तर जमिनीपर्यंत सोबत जा' हे प्रशिक्षक ओरडून का सांगतो? एक पोरगा चुकला तर सगळा संघ बुडेल, या भीतीने. भीती वीस मिनिटांची केली की ओरडणेही तेवढ्यापुरतेच होईल. चौदा जणांना शिक्षा होते, हे खरे आहे. संघ म्हणतात तो त्यालाच."

तरीही बाहेरच्या अधिकाऱ्याला त्यांचा आक्षेप नव्हता, कारण मैदानावर निसटलेले चित्रणात सापडते. २०१९ च्या विश्वचषकात इटलीच्या दोघांनी मिळून दक्षिण आफ्रिकेच्या फरमूलेनला शिट्टी झाल्यानंतर उलटा टाकला. लाल कार्ड लोव्होत्ती या एकालाच मिळाले, पण तीन आठवड्यांची बंदी पुढे दोघांवरही आली. वॉरबर्टनलाही बंदी तीन आठवड्यांचीच होती, आणि रोलँडचा निर्णय बरोबर होता, असे पुढे त्याने स्वतःच सांगितले.

"तो सभ्य माणूस आहे," नाना म्हणाले. "त्याला विचारून काय उपयोग?"

आता या साऱ्याच्या मुळाशी वेल्स नसून १९८४ सालचा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना आहे, हे आम्हाला ठाऊक आहे, मास्तरांना ठाऊक आहे आणि नानांनाही ठाऊक आहे. त्या सामन्यात डाव्या कोपऱ्यावरच्या नानांनी एका चढाईवाल्याला मांड्यांत हात घालून उचलले आणि मातीवर टाकले. पंच असलेल्या मास्तरांनी नानांना उरलेल्या सामन्यासाठी बाहेर बसवले आणि नानांचा संघ दोन गुणांनी हरला. तो चढाईवाला म्हणजे आमचे वकीलसाहेब. त्यांच्या उजव्या गळपट्टीच्या हाडाला आजही उंचवटा आहे, श्रावण लागला की ते हाड दुखू लागते आणि कोर्टातली फाईल ते नेहमी डाव्या बगलेत धरतात. हेतू नव्हता, हे वकीलसाहेबांनी गेली चाळीस वर्षे प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे.

"फी घेतलीस का रे याच्याकडून?" मास्तरांनी त्यांना विचारले.

"अजून वसूल व्हायची आहे," वकीलसाहेब खांदा चोळत म्हणाले.

त्याबरोबर नाना उठले. आपण त्या दिवशी किती अलगद उचलले होते आणि क्लेरच्या वेळी वॉरबर्टनचे हात नेमके कुठे होते, हे एकदाच दाखवून वाद कायमचा मिटवतो, असे जाहीर करून त्यांनी वकीलसाहेबांच्या मांडीला मिठी घातली. चहावाला ग्लास उचलू लागला. वकीलसाहेब जमिनीपासून बोटभरही सुटले नाहीत. वाकलेले नाना मात्र वाकलेलेच राहिले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कार्डिफपर्यंत गेला असावा.

मास्तर आणि सुभेदार या दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून कट्ट्यावर आणले. "सावकाश," मास्तर म्हणत होते, "पाय खाली, डोके वर, आणि टेकल्याशिवाय सोडू नका."

नाना टेकले, तोपर्यंत हसून हसून वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मास्तरांनी खिशात हात घातला. त्यांच्या खिशात खरोखर काय होते, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

"मास्तर," नाना कण्हत म्हणाले, "निदान या वेळी तरी पिवळे द्या."