रिअ‍ॅक्शनचे ते तीन फेरे : सांगलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

मालिकांच्या एडिटिंगबद्दल मी जे लिहिलं त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. मालिकेत एक वाक्य पडलं की पाच जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, हे एडिटरचं पाप. ‘एडिटर अभिनय वाचवतो’ हे माझं वाक्य नटांचा अपमान करणारं. आणि सांगलीत लग्नाचं शूटिंग करणारी पोरं रात्रीत व्हिडिओ कापून देतात, मग एडिटिंगला एवढे दिवस कशाला?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘वाचवतो’ हा शब्द चुकला, मागे घेतो. राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या तुमच्यासारख्या माणसाला तो लागणारच. शूटिंगमध्ये जे घडलंच नाही ते एडिटर कुठून आणणार? पण जे घडलंय ते प्रेक्षकापर्यंत पोचेल की हुकेल, हे मात्र त्याच्या हातात असतं.

एक प्रसंग घ्या. आई चुलीपुढे भाकरी थापतेय. मुलगा ताटावर बसलाय आणि मान खाली घालून म्हणतो, “आये, रान विकलं.” प्रसंग तीनदा शूट झालाय : एकदा दोघं दिसतील असा मास्टर, एकदा मुलाचा क्लोज, एकदा आईचा. सरधोपट पद्धत म्हणजे बोलेल त्याच्यावर शॉट. मुलाचं वाक्य संपलं की आईवर कट. पण आईच्या टेकमध्ये बघितलं तर ‘विकलं’ हा शब्द संपायच्या आतच बाईंचे हात परातीत थांबलेत. म्हणजे वाक्य संपल्यावर कट मारला तर प्रेक्षकाला थांबलेले हात दिसतात, थांबणारे दिसत नाहीत. म्हणून ‘आये’ मुलावर ठेवायचं आणि ‘रान’ला आईवर जायचं. मुलाचा आवाज तिच्या चेहऱ्यावर, तिच्या हातांवर चालू राहतो. आमच्याकडे सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. हा कट ८ फ्रेम्स उशिरा पडला, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, तरी ते थांबणं गेलंच. ते थांबणं सर्वस्वी त्या बाईंचं आहे, सर. रंगमंचावर तुमचा प्रेक्षक स्वतःच मान वळवून तिच्याकडे बघतो. इथे ती मान आम्हाला वळवावी लागते.

आता यात अडतं कुठे? मास्टरमध्ये भाकरी तव्यावर गेलेली आणि क्लोजमध्ये अजून परातीत, असं झालं की हवा तो कट बसतच नाही. मग थोडं मागेपुढे सरकून दुसरी जागा शोधायची, नाहीतर चुलीचा एखादा शॉट मध्ये घालायचा. दुसरी अडचण आवाजाची. प्रत्येक टेकमध्ये जाळाचा तडतडाट वेगळा असतो, त्यामुळे चित्र जुळलं तरी कटवर आवाज उडी मारतो. यासाठी साउंडवाला त्याच जागी, सगळ्यांना गप्प उभं करून निदान ३० सेकंदांचा नुसता आसमंत रेकॉर्ड करतो. त्याला रूम टोन म्हणतात. हा टोन सगळ्या कटांखाली अंथरला की सांधे बुजतात. घाई झाली की नेमके हेच ३० सेकंद पहिल्यांदा गाळले जातात. मग संवादांमधल्या दोन-दोन सेकंदांच्या फटी गोळा करून जोडत बसावं लागतं. चाळकेवाडीच्या पठारावर शूट केलं असेल तर ते जोडकाम लगेच कळतं, कारण तोच वाऱ्याचा झोत पुन्हा पुन्हा येतोय हे कान ओळखतात.

आता पहिला आक्षेप, चेहऱ्यांचा. अर्ध्या तासाच्या मालिकेचा एपिसोड साधारण २० ते २२ मिनिटांचा लागतो, बाकी वेळ जाहिरातींचा. दिवसाला साधारण एक एपिसोड शूट व्हावा असं गणित असतं. वाई-मेणवलीच्या बाजूला आउटडोअर असेल, दुपारी पाऊस आला, तर त्या दिवशीचं फुटेज कमी पडतं. मालिकेची बँक, म्हणजे पुढचे तयार एपिसोड, शिल्लक असेल तर निभावतं. नसेल तर तोच एपिसोड त्याच रात्री जायचा असतो. समजा ९० सेकंद कमी पडतायत. मागच्या भागाची झलक २० सेकंदांची होती ती ४० करायची. पाच जणांचे दोन-दोन सेकंदांचे चेहरे निम्म्या वेगाने चालवले की प्रत्येकी चार, म्हणजे २० सेकंद. तोच फेरा तीनदा, दर वेळी थोडा झूम वाढवून, की ६० सेकंद झाले. उरलेले १० शेवटच्या चेहऱ्यावर थिजवायचे. झाले ९०.

तुम्ही म्हणता तसे ते चेहरे हिसके देत हलतात, त्याचंही कारण यातच आहे. शॉट सेकंदाला २५ फ्रेम्सनी घेतलेला असतो. निम्मा वेग केला की नवीन फ्रेम्स येत नाहीत, प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते. शूटिंगच ५० फ्रेम्सवर झालं असतं तर तोच संथपणा गुळगुळीत दिसला असता. पण हा चेहरा संथ करावा लागेल हे सेटवर कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

शिवाय आलेलं सगळं फुटेज एडिटर बघू शकतो का, हेही पाहा. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास, म्हणजे सहा तासांचं फुटेज. दोन्ही कॅमेरे शेजारी-शेजारी लावून बघितले तरी तीन तास नुसते बघण्यात जातात. म्हणून कंटिन्युइटीच्या कागदावर, म्हणजे सेटवर प्रत्येक टेकची नोंद होते त्या कागदावर, ज्या टेकपुढे ‘ओके’ लिहिलंय तेवढेच टेक उघडले जातात. ओके न झालेल्या टेकमधलं एखादं सुंदर बघणं तसंच पडून राहतं. मला या धंद्यातलं सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

साताऱ्याकडच्या शूटिंगला आणखी एक पेच असतो. १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट्सने, रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी, सहा तासांचे २७० जीबी. इंटरनेटवर १०० चा वेग अखंड मिळाला तरी मुंबईला पाठवायला सहा तास. तेवढ्यात हार्ड डिस्क घेऊन गाडी खंबाटकी उतरून मुंबईत पोचते. म्हणून १० एमबीपीएसच्या प्रॉक्सी फायली, म्हणजे त्याच शॉट्सच्या हलक्या नकला, बनवून तेवढ्याच आधी पाठवायच्या. त्या ३५-४० मिनिटांत जातात, एडिटर कामाला लागतो आणि मूळ फायली आल्या की जोडून घेतो. इथे घोळ होतो तो नावांचा. कार्ड फॉरमॅट केल्यावर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल असं सेटिंग कॅमेऱ्यात असेल, तर एकाच नावाच्या दोन फायली येतात आणि भलताच शॉट जोडला जातो. कॉपी करतानाच फोल्डरला तारीख, कॅमेरा आणि कार्ड नंबर द्यायचा. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन तपासली जाईपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

तरीही तुमच्या आक्षेपातला एक भाग मला मान्य करावाच लागेल. ज्या दिवशी फुटेज भरपूर असतं त्या दिवशीही ते तीन फेरे पडतात. सुईं आवाज, धाडकन ठोका, पांढरा फ्लॅश, हे सगळं आधीच बनवून ठेवलेलं असतं, उचलून टाकलं की झालं. तिथे पावसाचं नाव सांगता येणार नाही. तो दोष आम्हा एडिटर लोकांचा आहे.

लग्नाच्या पोरांबद्दल थोडक्यात : ती खरंच मेहनती आहेत, पण त्यांचं काम बहुतेक गाण्यावर बसतं. संवाद आला की आवाज, टोन, कंटिन्युइटी सगळं अंगावर येतं.

शेवटी, भावे नाट्यमंदिरातल्या तुमच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग ‘पुढे-पुढे ओठांशी जुळत नाही’ असं लिहिलंय त्याबद्दल. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असणार. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवातीला जुळवलेला आवाज दोन तासांत सात-आठ फ्रेम्सही सरकू शकतो. उपाय सोपा आहे. अंक संपून अंधार होतो तिथे आवाज कापा आणि पुढचा अंक नव्याने जुळवा. पुढच्या प्रयोगाला प्रत्येक अंकाआधी, पडदा उघडण्यापूर्वी, सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल आणि रेकॉर्डरला ऐकू जाईल अशी एक टाळी कुणालातरी वाजवायला सांगा. आणि काही कॅमेरे अर्धा तास व्हायला एक सेकंद कमी असताना रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, तेव्हा मधल्या मुख्य कॅमेऱ्याचं मॅन्युअल त्याआधी बघून घ्या.